बाळाच्या नावाविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे बाळाच्या नावाविषयी आहेत. काहींनी मुलींच्या आणि मुलांच्या नावांची यादी पाठवून आमचे मत विचारले आहे, तर काहींनी घरातल्या मतभेदांवर सल्ला मागितला आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर आम्ही याच विषयाला दिले आहे. मत देताना आम्ही एक कसोटी कायम ठेवली आहे. नाव आई-वडील निवडतात, पण ते आयुष्यभर सांगावे, लिहावे आणि दुरुस्त करून द्यावे लागते मुलाला. त्यामुळे एखादे नाव आपल्याला किती आवडते यापेक्षा ते त्या मुलाच्या तोंडी कसे बसेल, हा प्रश्न आम्ही प्रत्येक वेळी आधी विचारला आहे.

प्रश्न : आमच्या घरी दोन महिन्यांनी बाळ येणार आहे. मुलगी झाल्यास शर्वरी, मृण्मयी, इरा किंवा रेवा आणि मुलगा झाल्यास आरव, अर्णव, निनाद किंवा हृषीकेश, अशी यादी आम्ही केली आहे. नातेवाइकांना विचारले तर प्रत्येक जण वेगळेच नाव सुचवतो. या नावांबद्दल स्पष्ट मत द्यावे.

उत्तर : यादी विचारपूर्वक केलेली आहे, त्यामुळे आम्हीही प्रत्येक नावाबद्दल स्वतंत्रपणे लिहितो.

शर्वरी म्हणजे रात्र. तीन अक्षरे, मधला रफार आणि शेवटची दीर्घ ई यांमुळे हे नाव हाक मारताना दूरवर स्पष्ट ऐकू जाते. लहानपणी त्याचे शरू होईल आणि मोठेपणी कामाच्या ठिकाणी पूर्ण नाव तितकेच शोभेल. बाळ आणि प्रौढ व्यक्ती अशा दोन्ही वयांत टिकणारी नावे थोडी असतात. हे त्यांपैकी एक आहे. मुलींच्या नावांत आमची पहिली पसंती याच नावाला आहे.

मृण्मयी हे अर्थाने सुंदर नाव आहे. मातीपासून घडलेली, असा त्याचा अर्थ. मात्र या नावाबरोबर मुलीला थोडा धीरही द्यावा लागेल. मराठीत आपण ऋ चा उच्चार रु च्या अंगाने करतो आणि हिंदीत तो रि च्या अंगाने होतो, त्यामुळे रोमन लिपीत हेच नाव दोन-तीन प्रकारांनी लिहिले जाते. त्यातच ण्म हे जोडाक्षर अनेकांच्या जिभेवर अडखळते. ज्ञानदा या नावाचेही असेच होते, कारण आपला द्न्य हिंदी भाषकांच्या तोंडी ग्य होतो. तुम्हाला मृण्मयी हेच नाव मनापासून आवडत असेल तर ते जरूर ठेवावे, पण पहिल्या दाखल्यावर जे रोमन स्पेलिंग लिहाल तेच सगळीकडे वापरण्याची खबरदारी घ्यावी. एका अक्षराच्या फरकामुळे दोन कागदपत्रे जुळत नाहीत आणि तो त्रास पुढे मुलीलाच होतो.

इरा हे लहान आणि गोड नाव आहे. संस्कृतात इरा म्हणजे पृथ्वी, पाणी आणि वाणीसुद्धा. ते ऱ्हस्व इ ने लिहावे. अनेक ठिकाणी ते दीर्घ ई ने लिहिलेले दिसते आणि मग शब्दकोशात त्याचा अर्थ शोधणारा गोंधळतो. रेवा हे नर्मदेचे नाव आहे. दोन अक्षरांच्या या दोन नावांत आम्हाला रेवा अधिक भावते, कारण ते कानाला लगेच कळते. इरा हे नाव मात्र घाईत उच्चारले तर मीरा, हिरा, नीरा यांपैकी काहीही ऐकू येऊ शकते.

मुलांच्या यादीत आरव या नावावर जरा थांबावे लागेल. नावांच्या संग्रहांत त्याचा अर्थ 'शांत' असा सर्रास दिलेला असतो. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा, गर्जना. रव म्हणजे ध्वनी, हे आपल्याला कलरव या शब्दावरून माहीत आहेच. नाव वाईट नाही. जन्मताच घर दणाणून सोडणाऱ्या बाळाला ते शोभूनही दिसेल. पण 'शांत' या अर्थासाठी तुम्ही ते निवडत असाल, तर निवडीचा पायाच चुकीचा आहे. ध्वनीचाच अर्थ हवा असेल तर तुमच्या यादीतले निनाद अधिक चांगले. त्याचा अर्थ त्याच्या उच्चारातच ऐकू येतो आणि ते आजकाल फारसे कोणी ठेवत नाही.

अर्णव म्हणजे समुद्र. अर्थ, उच्चार आणि लेखन या तिन्ही बाबतींत हे निर्धोक नाव आहे, आणि म्हणूनच ते पुष्कळ घरांत आहे. हृषीकेश हे नाव हृषीक आणि ईश या शब्दांपासून झाले आहे. इंद्रियांचा स्वामी असा त्याचा अर्थ. ते इतक्या वेळा ऋषिकेश असे लिहिले जाते की अनेकांना तेच मूळ रूप वाटते. ऋषि आणि केश असा विग्रह केला की अर्थ पार बदलतो. हे नाव ठेवणार असाल तर बाळाला अक्षरओळख होताच त्याचे शुद्धलेखन शिकवावे आणि शाळेतल्या हजेरीपटापासून ते नीट लिहिले जाते आहे ना, याकडे लक्ष द्यावे. आमचे मत विचाराल तर मुलासाठी निनाद हे पहिले आणि हृषीकेश हे दुसरे नाव आम्ही निवडू.

शेवटचा निर्णय करण्यापूर्वी एक प्रयोग जरूर करावा. प्रत्येक नाव आडनावासह मोठ्याने म्हणावे. घराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाक मारून पाहावी. मग रागावल्याच्या स्वरात म्हणावे, आणि "माझं नाव..." असे चार वर्षांच्या मुलाच्या तोंडून आल्यासारखेही म्हणावे. शेवटी फोनवर अनोळखी माणसाला ते नाव सांगितले तर किती वेळा सांगावे लागेल, याचा अंदाज घ्यावा. कागदावर सुरेख दिसणारी काही नावे या प्रयोगात आपोआप गळतात.

प्रश्न : आम्ही मुलासाठी रेयांश आणि मुलीसाठी कियारा किंवा मायरा ही नावे पसंत केली आहेत. घरातील एक ज्येष्ठ म्हणतात की ही नावे खरी नाहीत आणि त्यांना अर्थ नाही. नवे घडवलेले नाव ठेवणे चुकीचे आहे का?

उत्तर : घडवलेले नाव ठेवण्यात काहीही चूक नाही. प्रत्येक नाव कधी ना कधी कोणीतरी पहिल्यांदा ठेवलेले असते. इंग्रजीत आज अगदी रुळलेले व्हनेसा हे नाव अठराव्या शतकात एका लेखकाने आपल्या परिचयातील स्त्रीच्या नावाचे आणि आडनावाचे तुकडे जोडून घडवले होते. तुम्ही पसंत केलेले मायरा हेसुद्धा एका इंग्रज कवीने आपल्या कवितांसाठी रचलेले नाव मानले जाते. त्या कविता १६३३ साली छापल्या गेल्या. म्हणजे ते अर्थाने संस्कृत नाही, पण जवळजवळ चारशे वर्षे वापरात असलेल्या नावाला खोटे कसे म्हणणार?

आमचा आक्षेप वेगळ्या गोष्टीला आहे. नाव नवे असेल तर ते नवे आहे असे सांगावे. त्याला जुना अर्थ चिकटवू नये. रेयांश या नावाचा अर्थ 'सूर्यकिरणाचा अंश' असा दिला जातो. अंश हा शब्द आपलाच आहे, पण किरण या अर्थाचा 'रेय' असा शब्द संस्कृतात नाही. तो इंग्रजीतल्या किरणवाचक शब्दावरून जोडलेला दिसतो. हे कळल्यावरही नाव आवडत असेल तर खुशाल ठेवावे. पण मुलगा मोठा झाल्यावर स्वतः कोश उघडून पाहील, तेव्हा त्याला घरातून मिळालेली माहिती खरी निघाली पाहिजे. "आम्हाला याचा नाद आवडला म्हणून ठेवले" हे उत्तर पुरेसे आहे आणि प्रामाणिकही आहे.

कियाराबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. इटालियन भाषेत या उच्चाराच्या नावाचा अर्थ 'उजळ, स्वच्छ' असा आहे, तर त्याच्याशी साम्य असलेले आयरिश नाव काळ्या रंगावरून आले आहे. दोन्ही अर्थांत वाईट काही नाही. मात्र कोणी एकच अर्थ ठामपणे सांगत असेल तर त्यावर विसंबू नये. तुमच्या घरातील ज्येष्ठांना हे सगळे मोकळेपणाने सांगून पाहावे. पुष्कळदा त्यांचा विरोध नावापेक्षा आपल्याला विचारले गेले नाही याला असतो.

प्रश्न : मुलगा असो की मुलगी, दोघांनाही चालेल असे एकच नाव आम्हाला ठेवायचे आहे. किरण हे नाव कसे वाटते? अशा नावामुळे मुलाला पुढे अडचण येते का?

उत्तर : किरण हे नाव आम्हाला फार आवडते. लहान, तेजस्वी अर्थाचे आणि दोघांनाही सारखेच शोभणारे. बोलताना मराठीत अडचण येत नाही, कारण 'किरण आला' किंवा 'किरण आली' हे क्रियापदच सांगते. प्रश्न येतो तो कागदावर, जिथे केवळ नाव पाहून समोरचा माणूस श्री. लिहायचे की श्रीमती, हे ठरवतो. अशी चूक वर्षातून काही वेळा दुरुस्त करावी लागेल, इतकीच याची किंमत आहे.

याच नावावरून जर्मनीत खटला झाला होता. एका दांपत्याने मुलीचे नाव किरण ठेवले, तेव्हा नावावरून लिंग स्पष्ट होत नाही म्हणून नोंदणी कार्यालयाने ते एकटे नाव नोंदवण्यास नकार दिला. प्रकरण तिथल्या सर्वोच्च घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले आणि २००८ साली निकाल आई-वडिलांच्या बाजूने लागला. नावामुळे मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तर ते निवडण्याचा अधिकार आई-वडिलांचा आहे, असा त्या निकालाचा आशय होता. आइसलँडमध्येही २०१९ च्या कायद्यानंतर मुलांची नावे आणि मुलींची नावे ही सक्तीची विभागणी उरली नाही.

नावाला लिंग चिकटते ते वापरामुळे. निकिता हे आपल्याकडे मुलीचे नाव आहे. रशियात ते पुरुषाचे नाव आहे, आणि सोव्हिएत संघाचे नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांच्यामुळे ते जगभर माहीत आहे. आंद्रेआ हे इटलीत मुलाचे तर जर्मनीत मुलीचे नाव असते. सुमन, कमल ही नावे आपण मुलींची मानतो, पण इतर भाषक त्यांच्या मुलांनाही ती देतात. तेव्हा किरण ठेवावे. दुसरा पर्याय हवा असेल तर नूतन या नावाचाही विचार करावा.

प्रश्न : आम्हाला जुळी मुले होणार आहेत. एक मुलगा आणि एक मुलगी असल्यास अन्वय आणि अन्वया, दोन्ही मुली असल्यास रिया आणि दिया, अशी जोडीची नावे ठेवावीत का?

उत्तर : ठेवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. जोडीची नावे ऐकणाऱ्याला गंमतशीर वाटतात, पण ती दोघे जण एकाच वेळी घरात असतात, एकाच वर्गात बसतात आणि त्यांची कागदपत्रे एकाच कपाटात राहतात. अन्वय आणि अन्वया ही नावे रोमन लिपीत केवळ एका अक्षराने वेगळी असतील. जन्मतारीख एक, आडनाव एक, वडिलांचे नाव एक आणि वर स्वतःचे नावही जवळजवळ तेच, अशा दोन व्यक्तींच्या नोंदी एकमेकांत मिसळणे अगदी सहज शक्य आहे. औषधाच्या चिठ्ठीवर असा घोटाळा झाला तर तो किती महागात पडेल, याचा विचार करावा.

हाक मारण्याचाही प्रश्न आहे. आई-वडील एका मुलाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारतात, हे प्रत्येक घरात घडते. भावंडांची नावे सारखी ऐकू येणारी असतील तर ही गल्लत अधिक वेळा होते, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले आहे. जुळ्या मुलांना आपण वेगळी व्यक्ती आहोत हे जगाला वारंवार सांगावे लागते. त्या कामात त्यांच्या नावांनी त्यांना मदत करावी.

नात्याची खूण हवीच असेल तर ती अर्थातून ठेवता येते. रेवा आणि अर्णव ही नावे ऐकायला पूर्ण वेगळी आहेत, पण एक नदी आहे आणि दुसरा समुद्र. दोन मुलींसाठी शर्वरी आणि उषा, म्हणजे रात्र आणि पहाट, ही जोडी सुरेख आहे. पहिले अक्षरही वेगळे ठेवावे, म्हणजे वह्यांवर आणि डब्यांवर आद्याक्षर लिहिले तरी गोंधळ होणार नाही.

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही परदेशात राहतो. मुलाचे नाव मराठी असावे, पण इथल्या लोकांनाही ते उच्चारता यावे, अशी इच्छा आहे. अनघा, ओजस, दीप, तारा आणि कबीर ही नावे सुचली आहेत. काय निवडावे?

उत्तर : तारा हे नाव जणू तुमच्यासाठीच आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ आकाशातला तारा. इंग्रजीतही ते नाव आहे आणि ते आयर्लंडमधल्या प्राचीन राजांच्या टेकडीवरून आले आहे. दोन्हीकडे ते घरचे वाटेल. माया, नीना, मीरा, लीला ही नावेही अशीच अनेक भाषांत सहज चालतात. कबीर हे मुलासाठी उत्तम आहे. त्यातला एकही ध्वनी परक्या जिभेला अवघड नाही.

अनघा म्हणजे निष्पाप. सुंदर नाव आहे, पण घ, झ, ध, भ हे महाप्राण आणि ळ, ण हे ध्वनी इंग्रजीत नाहीत. त्यामुळे अनघाचे अनागा होईल. दीप या नावातल्या द चे ड होऊन त्याला वेगळाच अर्थ येईल. ओजस बहुतेकांना जमेल, मात्र स्पॅनिश वाचणारे ज चा उच्चार ह सारखा करतील. हे सर्व आधी माहीत असावे, इतकेच आमचे म्हणणे. उच्चार बिघडेल म्हणून आवडते नाव सोडून द्यावे, असे आम्ही अजिबात म्हणणार नाही. मुलाने शांतपणे दोनदा उच्चार करून दाखवला तर बहुतेक लोक शिकतात, आणि आपले नाव नीट घेतले जावे अशी अपेक्षा धरणे मुलानेही शिकले पाहिजे.

येथे एक कठीण प्रश्नही आहे, तो टाळता येणार नाही. मेरियन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली अमेरिकेतील एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी सारख्याच दर्जाचे नोकरीचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. गोऱ्या लोकांची वाटणारी नावे असलेल्या अर्जांना कृष्णवर्णीयांची वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. नावावरून भेदभाव होतो, हे यावरून दिसते. पण तो दोष भेदभाव करणाऱ्याचा आहे. त्याच्या भीतीने मुलाचे नाव आधीच बदलून ठेवले तर ते मूल आपल्या भाषेपासून मात्र नक्की दुरावेल. दोन्ही भाषांत चालणारे नाव सोयीसाठी निवडावे, लपण्यासाठी निवडू नये.

व्यवहाराची एक बाब राहिली. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. त्यांत पहिल्या ओळीत आडनाव, नाव आणि मधल्या मोकळ्या जागा धरून ३९ अक्षरांची जागा मिळते. नाव, वडिलांचे किंवा आईचे नाव आणि लांब आडनाव एकत्र आले की ही मर्यादा ओलांडली जाते आणि नाव कापले जाते. तुमचे आडनाव लांब असेल तर पहिले नाव लहान निवडावे.

प्रश्न : आम्हाला आवडलेले नाव सध्या फार लोकप्रिय आहे. मुलीच्या वर्गात त्याच नावाच्या आणखी तीन मुली असतील, या भीतीने ते सोडून द्यावे का?

उत्तर : नाव मनापासून आवडले असेल तर सोडू नये. नावांच्या लाटा येतात आणि ओसरतात. अमेरिकेत १९७० ते १९८४ या काळात दरवर्षी मुलींमध्ये जेनिफर हे नाव पहिल्या क्रमांकावर होते. आज तिथे नवजात मुलींना ते क्वचितच दिले जाते. पण त्या काळच्या जेनिफरना आपल्या नावाचा कंटाळा आला असेलच, असे नाही. शिवाय आता निवडीला इतका वाव आहे की पहिल्या क्रमांकाचे नावसुद्धा पूर्वीइतके सर्वत्र आढळत नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेत जेम्स हे एकच नाव शंभरांतील चारहून अधिक मुलांना मिळत असे. अलीकडे तिथे अव्वल असलेले लिअम हे नाव शंभरांत जेमतेम एकाला मिळते.

फक्त दोन गोष्टी तपासाव्यात. ते नाव तुम्हाला आधीपासून आवडत होते, की गेल्या वर्षभरात सारखे कानावर पडल्यामुळे आवडू लागले? आणि तुमचे आडनावही तितकेच प्रचलित आहे का? नाव आणि आडनाव दोन्ही सर्वसामान्य असतील तर त्याच पूर्ण नावाच्या अनेक व्यक्ती असतात आणि पत्रे, निकाल, ईमेल चुकीच्या व्यक्तीकडे जातात. अशा वेळी थोडे विरळ नाव सोयीचे ठरते.

प्रश्न : सासऱ्यांची इच्छा आहे की नातवाला त्यांच्या दिवंगत वडिलांचे नाव द्यावे. ते नाव आम्हाला जुनाट वाटते. नाही कसे म्हणावे?

उत्तर : नाही म्हणण्यापूर्वी त्या नावाकडे पुन्हा एकदा पाहावे. जुनी नावे दोन-तीन पिढ्यांनी पुन्हा ताजी वाटू लागतात. मुक्ता, सई, जुई, कबीर ही नावे आज नवी म्हणून ठेवली जातात. आपल्या आजोबांच्या पिढीला ती जुनीच वाटली असती.

तरीही मन होत नसेल तर मधला मार्ग आहे. पूर्वजांच्या नावाचा अर्थ घेऊन नवे नाव शोधता येते. दिनकर म्हणजे सूर्य, तेव्हा नातवाचे नाव आदित्य किंवा मिहिर ठेवता येईल. रत्नाकर म्हणजे समुद्र, त्याचे अर्णव होऊ शकते. ही निवड सासऱ्यांजवळ बसून, त्यांच्या वडिलांच्या आठवणी ऐकत करावी. त्यांना नावातून माणूस जपायचा आहे, आणि तो अर्थातूनही जपला जाऊ शकतो. निर्णय सांगताना पती-पत्नींनी दोघांनी मिळून सांगावा. सुनेने नकार दिला, असे चित्र घरात उभे राहू देऊ नये.

प्रश्न : नाव ठरले आहे. बाळ जन्मण्याआधी ते सर्वांना सांगावे का?

उत्तर : सांगू नये. पोटातल्या बाळाच्या नावावर लोक मोकळेपणाने टीका करतात. कुशीतल्या बाळाच्या नावावर सहसा करत नाहीत. एखाद्या विश्वासू व्यक्तीला मात्र अवश्य विचारावे, म्हणजे नावातून किंवा आद्याक्षरांतून निघणारा, तुमच्या लक्षात न आलेला विचित्र अर्थ वेळीच कळेल.

प्रश्न : आमची मुलगी तीन महिन्यांची आहे. घाईत आणि इतरांच्या आग्रहाने ठेवलेले तिचे नाव आम्हा दोघांच्याही तोंडी बसत नाही. आम्ही तिला टोपणनावानेच हाक मारतो. आता नाव बदलणे तिच्यावर अन्याय ठरेल का?

उत्तर : अन्याय मुळीच नाही. पण बदलायचे असेल तर आताच बदलावे. बाळ सुमारे साडेचार महिन्यांचे झाले की इतर नावांपेक्षा स्वतःचे नाव ऐकल्यावर अधिक लक्ष देते, असे १९९५ सालच्या एका प्रयोगात दिसून आले होते. त्या वयात त्याला आपले नाव म्हणजे आपण, हे कळत असेल असे नाही, पण तो ध्वनी त्याच्या ओळखीचा झालेला असतो. तुमच्या मुलीच्या कानावर सध्या अधिकृत नाव पडतच नाही, टोपणनाव पडते. म्हणजे ती त्याच ध्वनीची ओळख करून घेते आहे. एकदा ते टोपणनावच नीट उच्चारून पाहावे. पुष्कळदा आई-वडिलांनी लाडाने निवडलेल्या त्या दोन अक्षरांतच पूर्ण नाव दडलेले असते. टोपणनाव रेऊ असेल तर रेवा, मनू असेल तर मनवा किंवा मानसी.

ज्यांनी आग्रह केला त्यांना वाईट वाटू नये म्हणून जुने नाव दुसरे नाव म्हणून राहू देता येते. नवे नाव सर्वांना एकाच दिवशी, कारणे न देता आणि क्षमा न मागता सांगावे. प्रत्येकाला वेगवेगळे सांगितले तर प्रत्येकाशी वेगवेगळा वाद होतो. त्यानंतर घरात तुम्ही दोघांनी मात्र कटाक्षाने नवेच नाव वापरावे.

जन्मनोंदीतील नाव बदलण्याची पद्धत प्रत्येक देशात निराळी आहे, म्हणून नोंदणी कार्यालयात आधी चौकशी करावी. मूळ जन्मदाखल्यावर नाव बदलून घेतल्याशिवाय पासपोर्टचा किंवा शाळेचा अर्ज भरू नये, कारण पुढची सगळी कागदपत्रे त्या एका दाखल्यावरूनच तयार होतात. लसीकरणाच्या नोंदवहीवरील नावही त्याच वेळी दुरुस्त करून घ्यावे. ते बहुतेक वेळा विसरले जाते.